पहाडाकडची खिडकी

ठण्ण!

फाल्गुनातली दुपार होती. दोन्ही लेकरं झोपलेली, हे शाळेत, समोरच्या केसरबाईंची कोंबडीसुद्धा ओट्याखाली डोळे मिटून बसलेली. अशा त्या शांततेत मागच्या भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खालच्या पितळी परातीत पडलं. पाच महिन्यांच्या बाळानं दोन्ही मुठी वर केल्या, हवेत कुणाला तरी दम दिला आणि पुन्हा झोपलं. आचल हललीसुद्धा नाही. आचल चार वर्षांची आहे. तिला उठवायला परात पुरत नाही.

आदल्या दिवशी मी त्या भिंतीत कंदिलासाठी खिळा ठोकला होता. हे म्हणाले होते, "भिंत मातीची आहे, जरा हळू." मी हळूच ठोकला होता. हळू या शब्दाचा माझा आणि यांचा अर्थ लग्नापासून वेगळा आहे. तर खिळ्यासकट ढेकूळ पडलं, लिंबाएवढं भोक झालं आणि त्यातून उन्हाची एक काडी सरळ माझ्या पिठाच्या डब्यावर येऊन टेकली. मी भोकाला डोळा लावला.

पलीकडे पहाड होता.

आता हे मी काहीतरी शोध लावल्यासारखं सांगते आहे, पण पहाड तिथं आधीपासून होता. आमचं घरच त्याच्या उतारावर आहे. फक्त घराचं तोंड गावाकडे, पाठ पहाडाकडे, आणि पाठीला एकही खिडकी नाही. तीन वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून पोळ्या लाटत होते, आणि माझ्या पाठीमागे हे असं सगळं चाललेलं होतं! खाली पानं झडलेले मोह, त्यांच्या वर पळसांची लाल रेघ, जशी कुणी सोडलेली पदराची किनार, आणि त्याहून वर निळसर धुरात हरवत गेलेले सागवान. वाऱ्याची झुळूक यायची, तेव्हा ती लाल रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शहारत जायची. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. तव्यावरची पोळी मात्र अचूक सांगू शकली असती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर सावली गावचं. तिकडे सगळी धानाची सपाट जमीन. नजर टाकली की थकेपर्यंत जाते, अडत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी यांच्या बदलीनं मी या पहाडी गावात आले आणि मला अडल्यासारखं झालं. तीन वर्षं मी यांना तसं सांगत होते. यांचा जीव मात्र इथल्या शाळेत. शेवटी एके दिवशी यांनी पंचायत समितीतून विनंती बदलीचा कोरा अर्ज आणला, ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला आणि म्हणाले, "मे अखेरची मुदत आहे. तू म्हणशील तसं." नवऱ्यानं 'तू म्हणशील तसं' म्हटलं की बाईनं सावध व्हावं. सगळा भार तिच्यावर येतो आणि तक्रारीची सोयही राहत नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "या भिंतीत मला खिडकी करून द्या. मग अर्जाचं नाव काढणार नाही."

यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की एवढ्या स्वस्तात सुटलो! बिचारे.

घर गुणवंतरावांचं. ते खाली गावात राहतात, धानाची शेती करतात, आणि आमच्या घराकडे मुलीच्या सासरकडे पाहावं तसं काळजीनं पाहतात. खिडकीचं ऐकून त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"पहाडाकडं खिडकी? माह्या बापानं ठेवली नाई, आज्यानं ठेवली नाई."

"का बरं?"

"मोहाच्या दिवसात अस्वल येते नं जी. थे पाहीन नं आत!"

"पाह्यलं तं पाह्यलं," त्यांच्या सुगंधाबाई आतून म्हणाल्या. "मास्तरच्या घरी काय हाय त्याले पाहाले? वह्या."

या एका वाक्यानं माझं काम झालं आणि मानही गेली. गुणवंतरावांनी परवानगी दिली, एका अटीवर: भिंत ते स्वतः फोडणार. "माह्या घराले भोक पाडाचं तं मीच पाडीन. दुसऱ्यानं पाडलेलं मले पाहवत नाई."

दुसऱ्या दिवशी ते लोखंडी सब्बल घेऊन हजर. आधी लाकूड, मग चौकट आणि मग भोक, असा जगात क्रम असतो हे आम्हांला कुणालाच सुचलं नाही. सुचवणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. केसरबाई म्हणाल्या, "एवढीशी? यातून मांजर बी नीट नाई जानार." गुणवंतरावांनी डावीकडे वाढवलं. मग उजवीकडे कमी दिसायला लागलं. उजवीकडे वाढवलं तर वरचा पापुद्रा सुटला. मिशा कापायला बसलेल्या माणसाचं होतं तसं झालं. या बाजूला थोडं, त्या बाजूला थोडं. शेवटी ते घाम पुसत मागे सरले तेव्हा भिंतीत आचल दोन्ही हात पसरून उभी राहील एवढं भगदाड होतं, आणि त्यात पहाड काठोकाठ भरला होता. मग गुणवंतराव हळूच म्हणाले, "हा तं मोठा दिसते इथून."

लाकूड केसरबाईंनी दिलं. त्यांचा जुना गोठा पडला होता, त्याची सागाची मयाल, म्हणजे तुळई, ओट्याशी पडून होती. "माह्या सासऱ्यानं निस्तारात आनली होती, खांद्यावर." निस्तार म्हणजे गावकऱ्यांना जंगलातून सवलतीत मिळणारं लाकूड. "जनावरायनं पाह्यली इतके दिवस, आता मानसायनं पाहा," म्हणाल्या, आणि बदल्यात आचलच्या जुन्या झबल्यांचं बोचकं नातवासाठी घेऊन गेल्या.

देवाजी सुतारांनी त्या मयालीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काढलाच नाही. फार कमी बोलणारा माणूस. चार दिवसांत त्यांनी चौकट आणि दोन झडपा उभ्या केल्या, आणि गोठ्यातल्या धुरानं काळी पडलेली ती मयाल आतून मधासारखी निघाली. फक्त एका जागी, आतल्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर एक गोल खळगा होता. त्यात काहीतरी अक्षरं, काळपट.

"देवाजी, हा डाग काढून टाका हो."

"राहू द्या जी बाई. जंगलवाल्यायच्या हातोड्याची खून हाय. कामाची असते."

"अहो, पण पहाडाकडे पाहायला बसलं की आधी हीच दिसणार."

"दिसू द्या."

"देवाजी, खिडकी तुमची की माझी?"

देवाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. हे वह्यांकडे पाहत होते. देवाजींनी रंधा उचलला आणि तीन हात मारले. तिसऱ्या हाताला ती खूण एका सुरेख गुंडाळीत बाहेर आली आणि खाली पडली. सगळा भुसा केसरबाई सुपात भरून घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडे सुनेच्या न्हाणीचं पाणी त्यावर तापलं.

आमच्या सावलीला लाकूड टालावरून, म्हणजे वखारीतून, येतं. मला काय ठाऊक, की हातोड्याची खूण हा लाकडाचा जन्मदाखला असतो!

चौकटीला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावून मी ती अंगणात उन्हाला उभी केली. तेवढ्यात इस्तारीभाऊ आले. इस्तारीभाऊ आमच्या भागाचे वनरक्षक. गाव त्यांना गार्डसाहेब म्हणतं. सायकल लावून रोज आमच्याकडे घोटभर चहा पितात, कारण त्यांची मुलगी यांच्या वर्गात आहे आणि भागाकारात कच्ची आहे. ते पाठमोरे बसले होते. चहा संपवून तसेच उठूनही गेले असते. पण माझ्यानं राहवेल तर ना!

"इस्तारीभाऊ, मागे वळून पाहा तरी. कशी झाली माझी खिडकी?"

इस्तारीभाऊ वळले. खिडकीकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला, फार हळू.

"बाई," ते म्हणाले, "काऊन दाखवली?"

"म्हणजे?"

"तुमी दाखवली नसती तं म्या पाह्यली नसती. आता पाह्यली." ते चौकटीभोवती फिरले. वाकले. खालून पाहिलं. "हातोडा कुठी हाय इच्यावर?"

"होता. काढला."

"कोनी?"

"मी."

इस्तारीभाऊ ओट्यावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांची काही चूक नव्हती. मागच्याच महिन्यात शेजारच्या एका गार्डला बिनखुणेचं लाकूड न दिसल्याबद्दल घरी बसवलं होतं. "मास्तरीनबाई," ते म्हणाले, "मास्तर माह्या पोरीले भागाकार शिकवते. आन म्या तुमची खिडकी धरून राह्यलो. काय दिवस आला हा!" डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. पण पंचनामा त्यांनी लिहिलाच, आमच्याच पेनानं. केसरबाई आणि गुणवंतराव पंच.

तो कागद मला तोंडपाठ आहे. "सदर इसमाचे राहते घराचे अंगणात सागवान प्रजातीची खिडकी, नग एक, उभ्या स्थितीत मिळून आली. घराच्या मागील भिंतीस सदर खिडकीच्या मापाचे भगदाड असून त्यातून शासकीय डोंगर दिसतो." मिळून आली! मीच दाखवली होती, चहा देऊन. आणि तीन वर्षांत मी ज्याला नुसता पहाड म्हणत होते तो शासकीय निघाला. केसरबाईंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "पाह्य बापा, माह्या सासऱ्याची मयाल जेलात चालली."

खिडकी संध्याकाळच्या बसच्या टपावरून तालुक्याच्या रेंज ऑफिसला गेली. इस्तारीभाऊ शिडीशी उभे राहून तिला हात लावून होते. आचलनं बस वळणाआड जाईपर्यंत टा-टा केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत यांना पहिल्याच तासाला विचारलं गेलं, "गुरुजी, तुमची खिडकी धरली का जी?" घरी येऊन हे भगदाडासमोर बसून राहिले. सुदैवानं पाहण्यासारखं होतं.

आणि मग ते वर्ष सुरू झालं.

सगळ्यांनी उपाय सांगितले. सुगंधाबाई म्हणाल्या पोतं लावा. केसरबाई म्हणाल्या बोरीची काटेरी फांदी अडकवा. गुणवंतरावांनी बांबूची तट्टी विणून आणली. ती दिवसा काढायची, दिवेलागणीला दोरीनं बांधायची. एवढ्यावर आमचं घर पहाडाला मोकळं राहिलं.

चैत्रात मोह गळायला लागला. पहाटे घरभर तो गोड, जरासा चढणारा वास. बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या, त्यांच्या बोलण्याचे तुकडे माझ्या चुलीपर्यंत येत. मी बाळाला पाजत भगदाडासमोर बसायची आणि माझं मलाच कळायचं नाही, की जागी आहे की पेंगते आहे. अशाच एका पहाटे तट्टी काढली तर समोर दहा हातांवर अस्वल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली, जशी अवेळी कुणाच्या घरी आलेल्या पाहुण्यानं घालावी, आणि तोंड वळवून निघून गेलं.

केसरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुमचे केस मोकळे होते का व बाई?"

होते. पण म्हणून काय झालं!

वैशाखात वानर आलं. खिडकीत बसून त्यानं सहा पोळ्या मोजून घेतल्या आणि सातवी, जी करपली होती, ती परत ठेवली. त्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. मग तेंदूपत्त्याचे दिवस आले. उन्हाच्या आत सगळं गाव पहाडावर. नवीन पानांचा तो पोपटी रंग रोज वेगळा. एक दिवस झोपेत गेला तर दुसऱ्या दिवशी झाडं ओळखू यायची नाहीत. मी आचलला दाखवायची, आचल मला दाखवायची. घरात शुद्ध बोलायचं असा माझा नेम होता, पण "आई, थे पाह्य, थे झाड लाल कोवळं झालं" असं तिनं म्हटल्यावर मीही "कोनतं वो? कुठी?" म्हणून मोकळी व्हायची.

चार जूनला ट्रंकेतून छत्री काढायला गेले तर कपड्यांखाली तो अर्ज. कोरा. मुदत गेल्याला चार दिवस झाले होते आणि मला आठवणही नव्हती! हे दारात उभे होते. माझ्या हातातला कागद यांनी पाहिला.

"राहिलाच की," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पाहू."

हे 'बरं' म्हणाले आणि अंगणात गेले. नंतर पाहिलं तर यांनी विनाकारण तीन खड्डे खणले होते. काय लावायचं म्हणून विचारलं तर म्हणाले, ठरवलं नाही अजून.

श्रावणात ढग घरात यायला लागले. खरंच सांगते. सकाळी तट्टी काढली की पांढरं धुकं उंबरा ओलांडून आलेल्या सुनेसारखं हळूच आत यायचं, भांड्यांच्या फळीपाशी थबकायचं आणि मग स्वयंपाकघरभर पसरायचं. काडेपेट्या सादळल्या. पापड सादळले. यांनी तपासायला आणलेल्या चाचणीच्या पेपरांची शाई अशी पसरली, की चौथीच्या सगळ्या मुलांनी भूगोलात आकाश काढलंय असं वाटलं. यांनी सगळ्यांना पास केलं. परातीत बेडूक. पिठाच्या डब्यावर शेवाळ. केसरबाई वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेऊन दारातून न येता भगदाडातूनच हाक मारायला शिकल्या होत्या. टोपली आत सरकवायच्या, चहाची कपबशी बाहेर घ्यायच्या.

या काळात यांचा आणि रेंज ऑफिसचा पत्रव्यवहार चालू होता. यांनी लिहिलं, खिडकी परत मिळावी. तिकडून विचारलं, खिडकी कोणत्या प्रयोजनार्थ? यांनी लिहिलं, पाहण्यासाठी. तीन आठवड्यांनी पत्र आलं: "काय पाहण्यासाठी, याचा सविस्तर खुलासा सात दिवसांत करावा."

हे ते पत्र हातात धरून बसले. शिक्षक माणूस, पण दोनदा 'पहाड' लिहून दोनदा खोडलं. शेवटी मी म्हटलं, द्या इकडे.

बाळ झोपलं की लिहायचं, उठलं की थांबायचं, असं करत चार दुपारी मी तो खुलासा लिहिला. क्रमांक घालून लिहिला, कारण शासकीय कागद होता. एक, फाल्गुनात पळस किती दिवस फुलतो. दोन, मोहाचं फूल पडताना आवाज कसा येतो. तीन, कुसुमाच्या झाडाची पालवी आधी लाल का असते हे मला माहीत नाही, पण असते. चार, धुकं सकाळी दहा वाजता उठतं आणि आधी डावीकडचा सुळका दिसतो. असे एकोणीस मुद्दे. फुलस्केपचे पाच कागद झाले. यांनी न वाचता सही केली. मला लाज वाटत होती, पण पत्र गेलं.

मग आश्विन गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं. उत्तर नाही. भगदाडाचा खालचा काठ पावसानं इतका झिजला होता की केसरबाईंची शेळी आता उडी न मारता आत यायची. मला वाटलं, संपलं. माझा खुलासा एखाद्या फायलीत वाळवीला मिळाला असेल आणि वाळवीला निदान मजा आली असेल.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारात जीप उभी. रेंजर साहेब स्वतः, मागे तोंड लपवत इस्तारीभाऊ. साहेब उंच, कोरडे, चष्म्याचे. माझे पाच कागद त्यांच्या हातात होते आणि समासात जागोजागी निळ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"खुलासा आपण केलाय?" त्यांनी यांना विचारलं.

हे पहिल्यांदाच तो वाचायची वेळ आल्यासारखे त्या कागदांकडे पाहायला लागले. "मी केलाय," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जागेवर मौका चौकशी करावी लागेल. नोंद क्रमांक चार. धुकं दहा वाजता उठतं असं आपण लिहिलंय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आता साडेनऊ झालेत."

मी सतरंजी अंथरली. साहेब भगदाडासमोर मांडी घालून बसले. त्यांच्या बाजूला इस्तारीभाऊ, मग हे, मग बातमी कळून धावत आलेले गुणवंतराव आणि केसरबाई. आचल साहेबांच्या अगदी पुढ्यात. दंडारीचं लोकनाट्य पाहायला बसावं तशी सगळी रांग. समोर पांढरा पडदा. त्यात काहीच नाही. झाड नाही, पहाड नाही.

पावणेदहा झाले. पडदा तसाच. मी चहा दिला. विचार करा, माझ्या शब्दावर आतापर्यंत दूधवाल्यानं विश्वास ठेवला नव्हता आणि आज सरकार घड्याळ लावून बसलं होतं. दहा वाजले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. धुकं ढिम्म.

"काल तं उठलं होतं नवालेच," केसरबाई म्हणाल्या. पंच म्हणून त्यांना बोलायचा अधिकार होता.

"काल मी नव्हतो," साहेब म्हणाले.

दहा वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटं. इस्तारीभाऊ मनातल्या मनात देवाला काहीतरी बोलत होते, ओठ हलत होते. मला वाटलं, उठावं आणि म्हणावं, साहेब, खोटं लिहिलं मी, ठेवा ती खिडकी, चूल पेटवा तिची. पण डोळे समोरून हलेनात. कारण त्या पांढऱ्यात डावीकडे कुठंतरी एक राखाडी जागा झाली होती. ती हळूहळू टोकदार झाली. मग तिच्या खाली सागाची एक पिवळी रांग उमटली, अर्धी. मग गवताचा उतार, उन्हानं सोनेरी झालेला. आणि मग कुणी ओलं धुणं दोरीवरून एका बाजूनं ओढून घ्यावं तसं ते सगळं धुकं उजवीकडे सरकत सरकत गेलं आणि पहाड उभा राहिला. ओला, चकचकीत, नुकता न्हालेला.

साहेबांचा चहा तसाच होता, वर साय आली होती.

"पंधरा मिनिटं उशीर," साहेब म्हणाले आणि समासात तसं लिहिलं. मग चष्मा पुसला. "कक्ष क्रमांक एकशे सतरा आहे हा. यातल्या लाकडाचे घनमीटर तोंडपाठ आहेत मला. धुकं कुठल्याच रकान्यात नाही." उठताना त्यांनी आचलच्या डोक्यावर हात ठेवला, आणि यांना म्हणाले, "लाकूड जुनं आहे, निस्ताराचं आहे, पंचांनी सांगितलं, मी मान्य केलं. खिडकी सोडतो. पण खूण लागेल."

"लावा ना," मी म्हटलं.

"एकदा कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर वेगळी लागते."

माघात खिडकी आली. पुन्हा बसच्या टपावरून, पुन्हा इस्तारीभाऊंच्या हाताखालून. चौकटीच्या चारी बाजूंना चार हातोडे, आतल्या अंगानं, खोल. दोन्ही झडपांवर एकेक. आणि वरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात, ठळक, गुन्हा नंबर. एक डाग काढायला गेले होते मी!

देवाजी बसवायला आले. मी त्या नंबराकडे पाहिलं. देवाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"रंधा घरीच ठेवून आलो जी बाई," ते म्हणाले.

गुणवंतरावांनी झिजलेला काठ मातीनं भरला, शेळीच्या तोंडावर. अस्वलासाठी गज बसले, वानरासाठी जाळी, धुक्यासाठी झडपा. सगळे कौतुक करून गेले. हे बाहेर त्या तीन खड्ड्यांपैकी एकात जास्वंद लावत होते.

दुपारी बाळ झोपलं. मी चटई टाकली, झडपा उघडल्या, चौकटीवर हनुवटी टेकवली आणि पहिल्यांदा, रीतसर, माझ्या स्वतःच्या खिडकीतून पाहायला बसले. पळसाला कळ्या धरल्या होत्या, काळ्या मखमली. उतारावरून वारा येत होता. मन असं भरून आलं, की मला वाटलं आता यापुढे आयुष्यात काही मागायचं उरलं नाही.

तेवढ्यात आचल दिसली. बाहेर. गुडघाभर गवतात, झग्याला कुसळं लागलेली, ओच्यात कसलीतरी पानं. ती पहाडाकडून चालत आली, खिडकीशी थांबली, दोन्ही हातांनी गज धरले आणि माझ्याकडे बघत राहिली, डोकं एका बाजूला कलवून.

"आई," ती म्हणाली, "पहाड तं इथी हाये. तू आत बसून काऊन पाहून राह्यली?"